वरून आलं की देतो

मार्चचा शेवटचा आठवडा लागला की मी सह्या गोळा करायला निघते. स्कूटीच्या डिकीत प्लास्टिकचं फोल्डर आणि त्यात आमच्या लेटरहेडवर छापलेली एकेका पानाची पत्रं. मजकूर सगळ्यांत तोच: ३१ मार्चअखेर आपणाकडून आम्हांला अमुक रक्कम येणे आहे, कृपया खात्री करून सही-शिक्का द्यावा. वाकड, पुनावळे, मोशी, चऱ्होली अशी माझी वारी असते. मुख्य ठेकेदारांची ऑफिसं कुठे काचेच्या इमारतीत असतात, कुठे साइटवरच्याच पत्र्याच्या खोलीत. अकाउंट्सची पोरं मला ओळखतात. त्यातला एक जण दरवर्षी म्हणतो, "आल्या मॅडम पोथी घेऊन." हसून चहा मागवतो, पण सही करताना त्याचा हात जरा थबकतोच. त्या कागदाचं मोल त्यालाही ठाऊक असतं.

थकलेल्या पैशासाठी दिवाणी दावा लावायचा तर मुदतीच्या कायद्यानं साधारण तीन वर्षं दिलेली आहेत. ती संपायच्या आत देणेकऱ्यानं 'इतके देणे आहे' असं लिहून सही केली की सहीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजायची. "बघतो वहिनी, करतो काहीतरी" हे शंभरदा तोंडी ऐकून घेतलं तरी मुदत एका दिवसानंही वाढत नाही. हे मला कळेपर्यंत आमचे चार लाख मुदतीबाहेर गेले होते. ज्यांच्यामुळे कळलं त्या आमच्या बारक्या ठेकेदारांच्या संघटनेबद्दल कधीचं लिहायचं होतं.

नवरा गिलाव्याचे ठेके घेतो. हल्ली सगळे प्लास्टर म्हणतात. करमाळ्याकडून तो थापी घेऊन पिंपरीत आला तेव्हा तो मिस्त्री होता, २००६ मध्ये त्यानं स्वतःचा पहिला ठेका घेतला. भिंतीवर हात फिरवून तो सांगतो की मागे वीट आहे की ब्लॉक, आणि कोपऱ्यात उभा राहून ओळंबा न सोडता सांगतो की भिंत किती सूत बाहेर गेली आहे. कागद मात्र त्याला आवडत नाहीत. ते माझ्याकडे आले. मी बी.कॉम. झालेली, लग्नाआधी एका पतसंस्थेत कॅशवर बसलेली. त्यामुळे हजेरीची वही, उचलीची वही, ब्रासचा हिशेब (गिलाव्यात एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट), जीएसटी आणि मुख्य म्हणजे पैशासाठीचे फोन ही सगळी खाती माझी.

नव्या इमारतीबाहेरचा फलक कधी नीट वाचलात? विकसकाचं नाव, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार, महारेराचा नोंदणी क्रमांक, सगळं असतं. आत चौदा मजले ज्यांनी भिंती ओढल्या, फरशी बसवली, रंग दिला, त्यांचं नाव तिथे नसतं. असावं असा हट्ट नाही माझा. पण एक साखळी ध्यानात घ्या. विकसक मुख्य ठेकेदाराला काम देतो, मुख्य ठेकेदार आम्हांला, आम्ही मुकादमाला, मुकादम मिस्त्री आणि बिगाऱ्यांना. पैसा याच वाटेनं खाली उतरतो आणि प्रत्येक पायरीवर एक वाक्य म्हटलं जातं: वरून आलं की देतो. विकसक म्हणतो फ्लॅटचे हप्ते आले की देतो. ठेकेदार म्हणतो विकसकाकडून आलं की देतो. वर्क ऑर्डरमध्ये त्याला 'बॅक टू बॅक' असं भारदस्त नाव आहे.

आणि मग ते वाक्य आमच्यापाशी येऊन थांबतं. शनिवारी संध्याकाळी सव्वीस माणसं रांगेत उभी असताना, त्यातल्या बाईच्या कडेवर पोर असताना, "वरून आलं की देतो" म्हणून बघा. नाही म्हणता येत. आठवडाबाजार रविवारी असतो. त्यामुळे वरून आलेलं नसलं तरी खाली द्यावंच लागतं, आणि मधली जी खाच पडते ती माझ्या पाटल्यांनी, सासूबाईंच्या पोहेहारानं, भिशीच्या पैशानं आणि कधी महिना तीन टक्क्यांच्या हातउसन्यानं भरून निघते. बारक्या ठेकेदाराचा धंदा म्हणजे मोठ्या ठेकेदाराला बिनव्याजी कर्ज देण्याचा धंदा आहे, हे मला आमच्या ताळेबंदाकडे बघताना एकदा लख्ख दिसलं.

२०१४ च्या दिवाळीआधी आमचे एका मुख्य ठेकेदाराकडे अकरा लाख अडकले होते. त्यात पाच टक्क्यांचं रिटेन्शन, म्हणजे प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम, वेगळंच. काम पूर्ण, ताबे दिलेले, लोकांनी दारांना तोरणंसुद्धा लावलेली. आमचं बिल मात्र 'क्यूएसकडे' (मोजमाप तपासणाऱ्या क्वांटिटी सर्व्हेअरकडे), मग 'सरांच्या टेबलवर', मग 'पुढच्या मंगळवारी'. मुकादमांना दिवाळीची उचल द्यायची होती. नवऱ्यानं साइटवर जायचा रस्ता बदलला, मजुरांच्या खोल्यांवरून न जाणारा. रात्री तो पंख्याकडे बघत पडायचा. मी विचारलं, "दुसऱ्या कुणाला विचारलंस का? फरशीवाल्याचे पण असतील अडकले." तो एकदम उठून बसला. "वेडी आहेस का? मार्केटमध्ये बोभाटा झाला तर उद्या कोणी उधारीवर सिमेंट देणार नाही."

या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. पैसे दुसऱ्यानं बुडवलेले, आणि लाज वाटतेय आम्हांला.

त्याच महिन्यात सिमेंटच्या दुकानात एका वयस्क सेंट्रिंगवाल्यांनी नवऱ्याला हटकलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तोंड का उतरलंय म्हणाले. नवरा काही बोलला नाही. अण्णांनीच ठेकेदाराचं नाव घेतलं आणि म्हणाले, "माझे नऊ आहेत तिथं. फरशीवाल्याचे सहा. पेंटरचे साडेचार. तुझे किती?"

आमची संघटना अशी आमच्या आयुष्यात आली. संघटना म्हणजे काही फार मोठं नव्हे. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली, महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक, तेव्हा वर्षाला हजार रुपये वर्गणी, आता तीन हजार. गिलावा, सेंट्रिंग, फरशी, रंग, वॉटरप्रूफिंग, फॅब्रिकेशन करणारी सत्तर-ऐंशी माणसं. या क्षेत्रात संघटना ही गोष्टच नवी नाही म्हणा. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ मध्ये इथे पुण्यातच उभी राहिली, लष्कराची बांधकामं करणाऱ्या ठेकेदारांनी उभी केली. वीजकाम करणाऱ्यांची संघटना आहे, नळकाम करणाऱ्यांची देशभर शाखा असलेली आहे. विजेच्या कामाला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे तो माणूस निदान एका रजिस्टरात तरी असतो. गिलाव्याला परवाना लागत नाही. थापी हातात धरली की झाला मिस्त्री, चार मिस्त्री गोळा केले की झाला ठेकेदार. कुठेच नोंद नसलेल्या माणसांना एकत्र यायला उशीर लागतो, असा माझा आपला तर्क आहे.

पहिल्या बैठकीला मी गेले ती नवऱ्याला कागद समजत नाहीत म्हणून. खोलीत मी एकटी बाई. शेवटच्या खुर्चीत बसले. अध्यक्षांनी विचारलं, "वहिनी, अक्षर कसंय तुमचं?" त्या दिवसापासून बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आहे. फॉर्मवर सभासद नवरा, लिहिते मी.

अकरा लाखांचं काय झालं ते सांगते. आम्ही सात जण एकाच दिवशी एकाच वेळी त्या ऑफिसात गेलो. घोषणा नाहीत, आवाज नाही. नुसते जाऊन बसलो, आपापल्या बिलांची फाइल मांडीवर घेऊन. रिसेप्शनवरच्या मुलीनं सात पाणी आणली, मग सात चहा. एकट्या माणसाला 'सर मीटिंगमध्ये आहेत' सांगता येतं. सात जण असले की सरांची मीटिंग तासाभरात संपते. चार हप्त्यांत साधारण साठ टक्के मिळाले. उरलेले त्यानं डेबिट नोटा काढून खाल्ले: पोकळ आवाज येतो, कोपरा सरळ नाही, साफसफाईचा खर्च. संघटना म्हणजे जादूची कांडी, असं कुणी सांगायला लागलं की मला ते चाळीस टक्के आठवतात. पण त्या रात्री नवरा झोपला, हेही आठवतं. पैसे तर अजून आलेही नव्हते.

माझ्या दृष्टीनं खरा फायदा कळला तो मात्र एका कंटाळवाण्या रविवारी. एका निवृत्त क्वांटिटी सर्व्हेअरना आम्ही बोलावलं होतं. ते मोजमापावर बोलणार होते आणि निम्मे लोक वड्यांवर नजर ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "दाराची वजावट तुमच्याकडून कशी करतात?" सगळे एका सुरात म्हणाले, "दोन्ही बाजूंची." मग त्यांनी आयएस १२०० चा बारावा भाग काढला. बांधकामाची मापं कशी घ्यायची ते सांगणारं हे भारतीय मानक, बारावा भाग गिलाव्याचा, १९७६ चा. त्यात लिहिलंय की अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची, म्हणजे दार-खिडकीच्या मोकळ्या जागेची, भिंतीच्या मापातून वजावटच करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दरम्यानचं ओपनिंग असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची करायची आणि ओपनिंगच्या कडांचे वेगळे पैसे मागायचे नाहीत. तीनच्या वर गेलं तर दोन्ही बाजू वजा, पण कडा मोजून द्यायच्या.

घरातलं दार म्हणजे दोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे मधल्या गटातलं. आमच्याकडून दोन्ही बाजू कापल्या जात होत्या आणि कडाही फुकट जात होत्या. कडा भरणं हे गिलाव्यातलं सगळ्यात किचकट काम. सपाट भिंत बिगारीही ओढेल, कड धरायला मिस्त्रीच लागतो. मी तिथेच इतिवृत्ताच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. नुकत्याच संपलेल्या इमारतीत अठ्ठ्याऐंशी फ्लॅट, फ्लॅटला पाच आतली दारं, दारामागे साधारण एकवीस चौरस फूट. नऊ हजार दोनशे चाळीस चौरस फूट. तेव्हाच्या आमच्या वीस रुपये मजुरीच्या दरानं एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये. मी तो आकडा नवऱ्यापुढे सरकवला. त्यानं वडा खाली ठेवला.

झालेल्या कामाचे पैसे परत मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. सर्व्हेअर म्हणाले तसं, मानक आहे पण तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये त्याचं नाव नसेल तर ठेकेदार म्हणेल माझी पद्धत वेगळी. तेव्हापासून मी प्रत्येक ऑर्डरवर एक ओळ घालून घेते: 'मोजमाप आयएस १२०० भाग १२ प्रमाणे.' काही जण ती ओळ खोडतात. खोडली की आम्ही दर लावतानाच कडांचे पैसे धरतो. एकदा एका तरुण साइट इंजिनिअरनं मला विचारलं, "मॅडम, हे तुम्हांला कुणी सांगितलं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. कॉलेजात शिकवलं होतं त्याला, पण बिल तपासताना कुणी ते वापरलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

कायद्याचंही असंच. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे, लेखी करार नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. निकाल विरोधात गेला आणि समोरच्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल तर पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, संपले आपले हाल. बैठकीत संघटनेला सल्ला देणाऱ्या वकीलसाहेबांनी पाणी ओतलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही निकालांचा कल असा की माल आणि मजुरी एकत्र असलेलं 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. "तुमची ऑर्डर नुसत्या मजुरीची आहे की मालासकट, शब्द कसे लिहिलेत, सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी कोणत्या तारखेची, त्यावर सगळं. ऑर्डर हातात घेण्याआधी मला दाखवा, पैसे बुडल्यावर नको." आम्ही गिलाव्याचं काम बहुतेक लेबर रेटनंच घेतो. वाळू-सिमेंट ठेकेदाराचं. त्यामुळे आमची बाजू जरा बरी. पण 'मालासकट घे, दर वाढवून देतो' अशी ऑफर आली की मी आता दोनदा विचार करते, आणि दुसऱ्यांदा विचार करताना नफ्याचा आकडा बघत नाही.

मग २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४३ बी (एच) लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. २०२४ च्या मार्चमध्ये गंमत झाली. एरवी फोन न उचलणारे अकाउंटंट मला आपण होऊन फोन करत होते. आणि दुसरीकडे एका ठेकेदारानं नवऱ्याला विचारलं, "उद्यम रद्द करून टाकता का? मग काम द्यायला बरं पडेल." बैठकीत मी हे सांगितलं तर आणखी पाच हात वर झाले. पाचही जणांना वाटत होतं की आपल्यालाच विचारलंय. रद्द कुणीच केली नाही. एकट्याला विचारलं असतं तर आम्ही कदाचित केलीही असती.

याच बैठकांत एकदा कुणीतरी सांगितलं की ब्रिटनमध्ये १९९६ च्या बांधकाम कायद्यानं 'मला मिळाले की तुला देतो' ही करारातली अट निष्प्रभ ठरवली आहे, वरचा दिवाळखोर झाला असेल तो अपवाद. खोलीत शांतता पसरली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मागून एक पेंटर म्हणाला, "म्हणजे तिकडं पण म्हणायचेच की!" सगळे हसले. मला मात्र त्यानं फार बरं वाटलं. हे वाक्य आमच्या नशिबात लिहिलेलं नाही, ते करारात लिहिलेलं असतं, आणि करारातलं खोडता येतं.

आता थोडं कडू.

संघटनेत सगळंच ज्ञानसत्र नसतं. शाल-श्रीफळ असतं. वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, त्यावर पदाधिकाऱ्यांचे काळ्या चष्म्यातले फोटो असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहापासून गुलाबाची फुलं येतात आणि त्या फुलांखाली 'अमुक साइटवर पेमेंट थांबलंय' हा कामाचा निरोप गाडला जातो. एका वर्षी स्नेहमेळाव्याचा खर्च एका विकसकानं उचलला. त्यानंतर सहा महिने त्याच्या साइटबद्दल कुणी ब्र काढला नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सौजन्य' कुणाचं ते. ते वाक्य पुढच्या बैठकीत वाचताना गाळलं गेलं, वहीत अजून आहे. काही जण फक्त स्वतः अडकले की येतात, सुटले की वर्गणीही देत नाहीत. आणि काही पदाधिकारी संघटनेच्या ओळखीवर स्वतःसाठी कामं काढतात, हेही खरं. अण्णा म्हणतात, "पाच बोटं सारखी नसतात." मी म्हणते, पण हिशेब पाचही बोटांचा द्यावा लागतो. यावर आमचं दर एप्रिलला भांडण होतं.

एकदा दरावरून मोठी खडाजंगी झाली. बाहेरून आलेल्या टोळ्या चौरस फुटाला चार रुपये कमी घेत होत्या. एका सभासदानं ठराव मांडला की यापुढे अमुक दराखाली कुणी काम घ्यायचं नाही, घेतलं तर संघटनेतून बाद. टाळ्या पडल्या. माझीही पडली. वकीलसाहेबांनी हात वर केला. म्हणाले, हा ठराव इतिवृत्तात लिहू नका, आणि न लिहिता करूही नका. २००२ च्या स्पर्धा कायद्यानं एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी संगनमतानं दर ठरवणं बेकायदा आहे, मग ते संघटनेच्या नावानं का असेना. आणि त्यांनी सिमेंटची गोष्ट सांगितली. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियानं २०१० मध्ये सिमेंट कंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की या मंडळींनी आपसात संधान बांधून भाव चढवले आहेत. २०१२ मध्ये आयोगानं अकरा कंपन्यांना मिळून सहा हजार तीनशे कोटींच्या घरात दंड ठोठावला. पुढे तो आदेश रद्द झाला, आयोगानं पुन्हा सुनावणी घेऊन २०१६ मध्ये पुन्हा दंड लावला, अपिलात २०१८ साली तो कायम झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

"म्हणजे बघा," वकीलसाहेब म्हणाले, "एकट्या ठेकेदाराला हे जमलं असतं का? नाही. संघटना होती म्हणून जमलं. पण जमलं ते ज्या कायद्यानं, तोच तुमच्या ठरावाला आडवा येतो." मी खोडायला पेन उचललं आणि मग ठेवून दिलं. ठराव मांडला गेला व मागे घेण्यात आला, असं लिहिलं. दराऐवजी आम्ही दुसरं केलं. एका ब्रासला सिमेंट किती, मिस्त्री किती दिवस, बिगारी किती, परांची, पाणी मारणं, उंचीचा जादा खर्च, विमा, जीएसटी, रिटेन्शनमध्ये अडकणाऱ्या पैशाचं व्याज असा खर्च काढायचा नुसता तक्ता केला. आकडे ज्यानं त्यानं आपापले भरायचे. निम्म्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा रिटेन्शनचं व्याज खर्चात धरलं. दर आपोआप थोडे वर आले.

एक अपघात सांगायचा की नाही यावर मी बराच वेळ घातला. २०१९ च्या पावसाळ्यात आमचा एक मिस्त्री दुसऱ्या मजल्यावरच्या परांचीवरून पडला, खुबा मोडला. दवाखान्यात रात्री अकरा वाजता मुख्य ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "माणूस तुमचा आहे." आमची विमा पॉलिसी होती, पण दहा मजुरांची. साइटवर होते सव्वीस. हप्ता वाचवायला आकडा कमी मीच लिहिला होता, दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखं काही नाही. अण्णा आणि फरशीवाले रात्रभर बसले. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मुख्य मालकावरही जबाबदारी येते, तो नंतर आमच्याकडून वसूल करू शकतो, पण मजुराला 'माझा नाही' म्हणून झटकू शकत नाही, हे त्यांनी त्या माणसाला शांतपणे, आवाज न चढवता समजावलं. खर्च शेवटी वाटून गेला. मिस्त्री आता काठी टेकत चालतो, आमच्याकडे मटेरियल मोजायला बसतो. पॉलिसीचा आकडा मी आता दर तीन महिन्यांनी बदलते, आणि संघटनेतल्या बाकीच्यांनाही फोन करून विचारते. काहींना ते आवडत नाही. चालतं.

२०२५ च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदारानं आयुष्य संपवलं. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकले होते, असं त्याच्या माणसांनी सांगितलं. राज्यभरातल्या ठेकेदारांच्या संघटना त्या वर्षी थकलेल्या बिलांसाठी आंदोलन करतच होत्या. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कंत्राटच नाही, तो उपठेकेदार असावा. मी टीव्ही बंद केला. नियमाच्या भाषेत ते उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण 'नावावर नाही' हे शब्द आमच्या घरात किती वर्षं, किती तोंडांनी ऐकलेत ते मला ठाऊक होतं. नवरा जेवत होता. तो म्हणाला, "त्याला कुणी विचारलं नसेल, तुझे किती म्हणून." आणि पुढे जेवला नाही.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही एक वही केली. ग्रुप नको, वहीच. कुणाचे कुठे किती अडकलेत ते ज्याला सांगायचंय त्यानं मला सांगायचं, मी लिहायचं. अट एकच: दुसऱ्या कुणाला वाचून दाखवताना आकडा सांगायचा, नाव नाही. पहिल्या महिन्यात तीन नोंदी झाल्या. आता वही निम्मी भरली आहे.

परवा रात्री साडेनऊला एका मुलाचा फोन आला. जिप्सम प्लास्टर करतो. आता आतल्या भिंतींना जिप्समच मागतात, आमचा गिलावा बाहेरच्या भिंतींवर आणि संडास-बाथरूममध्ये उरलाय. चोवीस-पंचवीसचा असेल. सभासद नाही. नंबर सिमेंटवाल्यानं दिला म्हणाला.

"ताई, त्या चऱ्होलीच्या साइटचं पेमेंट कसंय हो? मला ऑर्डर देतायत. सहा बिल्डिंगी एकदम."

मी वही काढली. त्या ठेकेदाराच्या पानावर दोन नोंदी होत्या. मी आकडे सांगितले. पलीकडे शांतता.

"ऑर्डर हातात आहे का तुझ्या?" मी विचारलं.

"हो, पीडीएफ आलीय. इंग्लिशमधी आहे."

"असू दे. पेमेंटचं कलम काढ आणि वाच. हळू."

तो अडखळत वाचायला लागला. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. रिटेन्शन पाच टक्के, दोषदुरुस्ती बारा महिने, बिल दर महिन्याच्या पंचवीस तारखेला. मग 'सबजेक्ट टू रिसीट ऑफ पेमेंट फ्रॉम', म्हणजे 'अमक्याकडून पैसे मिळाले तरच', इथपर्यंत आला.

"थांब," मी म्हटलं. "तेवढं परत वाच."